फर्नेसच्या खोलीतल्या अन्नपूर्णा

आपण बूमर आहोत हे शरदचंद्र खोडक्यांना पंचाहत्तरी उलटल्यावर कळलं. तोवर ते स्वतःला दारव्ह्याचे समजत होते.

सांगितलं लेकीनं. ऊर्मी मॉन्ट्रियलला विमानांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिचा व्हिडिओ कॉल आला की शरदचंद्र सवयीनं फोन कानाला लावतात.

"बाबा, मला फक्त तुमचा कान दिसतोय. यू आर सच अ बूमर!"

शिवी आहे की काय आहे, म्हणून ते समोरच्या ग्लेनला विचारायला गेले. ग्लेन त्यांच्याच वयाचा, इथंच, कॅनडातल्या रेजिनात जन्मलेला, रेल्वेतून रिटायर झालेला. त्यानं गराजमध्ये खुर्ची टाकून समजावलं. महायुद्ध संपलं, सैनिक घरी परत आले आणि मग देशभर पाळणेच पाळणे हलले. ती पोरं म्हणजे आपण.

शरदचंद्र घरी येऊन बायकोला म्हणाले, "शुभदा, हे काई जमून नाई राह्यलं. आमच्या दारव्ह्याले कोणता सोल्जर वापस आला होता? माझा बाप कापसाच्या जिनिंगमंदी काट्यावर होता. तो तं रोजच वापस ये."

"म्हणूनच तुम्ही सात भावंडं," शुभदाबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली.

शुभदाबाई पुण्याच्या. पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याची वऱ्हाडी गेली नाही आणि बायकोचं पुणं गेलं नाही. पोरांनी मात्र या दोन्हींच्या मधला सोपा मार्ग काढला, ती इंग्रजी बोलू लागली.

आता हे घर सोडायचं ठरलं होतं, आणि त्याचं कारण तो गुडघाच. चार बेडरूम, खाली बेसमेंट, हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसायचं, आणि राहणार दोघं. युनिव्हर्सिटीजवळ लिफ्टच्या इमारतीत कॉन्डो, म्हणजे फ्लॅट घेतला. घर विकलं. ऑगस्टअखेर किल्ल्या द्यायच्या होत्या, आणि बेसमेंट छतापर्यंत भरलेलं होतं.

त्याचं असं आहे, की शरदचंद्र सत्तरच्या दशकात सस्कॅचेवान प्रांताच्या रस्तेखात्यात इंजिनिअर म्हणून आले ते दोन वर्षांसाठी. त्यांच्या पिढीतला प्रत्येक माणूस दोन वर्षांसाठीच आला. परत जायचंय म्हणून खोकी फेकायची नाहीत, सुतळी गुंडाळून ठेवायची, नव्या टीव्हीच्या खोक्यातला पांढरा थर्माकोलसुद्धा जपायचा. दोन वर्षांची चार झाली, पोरं शाळेत गेली, आईवडील तिकडे वारले, आणि खोकी राहिली. बेसमेंटात काय नव्हतं? स्लाइड प्रोजेक्टर, चीज वितळवायची भांडी, महाराष्ट्र मंडळाची मसालेभाताची पातेली, मंडळात फूट पडली तेव्हाचा लाउडस्पीकर, आणि फूट मिटली तेव्हा घेतलेला दुसरा लाउडस्पीकर.

ऊर्मी म्हणाली, "बाबा, डोनेट करा." व्हँकुव्हरहून मुलगा गंधार म्हणाला, "डंप इट." दोघांचीही घरं एवढीशी, भाडं मात्र एवढं. त्यांना बापाचं घर हवं होतं. बापाचं सामान नको होतं.

मग शरदचंद्र रोज थोडं थोडं फुटपाथच्या कडेला नेऊन ठेवू लागले. दुसऱ्या दिवशी बघावं तर सामान गायब. त्यांना बरं वाटे. आठवड्यानं ते ग्लेनकडे गेले तर त्याच्या गराजमध्ये त्यांचा प्रोजेक्टर.

"चांगला चालतोय की!" ग्लेन म्हणाला. "फेकतोस काय?"

म्हणजे एवढी मेहनत करून सामान फक्त रस्ता ओलांडून गेलं होतं. ग्लेनचीही मुलं त्याला सामान काढ म्हणून रोज ओरडत होती. शरदचंद्रांना पहिल्यांदा वाटलं, की असू आपण बूमर, काही हरकत नाही.

तरी बेसमेंट हळूहळू मोकळं झालं. राहिली ती घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसची खोली, आणि तिथल्या फळीवरचे बुटांचे खोके.

त्या खोक्यांत अन्नपूर्णा होत्या.

आपल्याकडे लग्नात मुलीला आई अन्नपूर्णा देते. मुलगी तिला तांदळात बसवून पुजते आणि सासरी घेऊन जाते. मंडळातल्या बाया सासरी म्हणून जिथं आल्या ते निघालं सस्कॅचेवान. उणे पस्तीसमध्ये साडीवर कोट चढवून, कोटाच्या खिशात बोटभर पितळेची देवी घेऊन त्या उतरल्या. प्रेरीच्या माळरानावरच्या स्वयंपाकघरात ती शेगडीच्या बाजूला बसली. मग तिची मालकीण म्हातारी झाली, कुणी गेली, कुणाला मुलांनी हलवलं. घर आवरताना गणपती सगळ्यांनी नेला, गणपती गाडीतसुद्धा शोभतो. बाळकृष्ण गोड दिसतो म्हणून तोही गेला. अन्नपूर्णा मागे राहिली, कारण ही कोण हे पोरांना ठाऊकच नव्हतं. एका नातवानं तर विचारलं होतं, ही बाई चमचा घेऊन का बसलीय?

फेकवत नाही आणि ठेववत नाही. मग खोडके काका आहेतच. पहिली आली ती भाऊसाहेबांकडची. डॉक्टर भाऊसाहेबांची बायको वारली आणि ते व्हँकुव्हरला मुलीकडे गेले तेव्हा म्हणाले, "शरद, दोन महिने ठेव." नंतर लताबाई गेल्या, त्यांची आली. मग पार विनिपेगपासून लोक येऊ लागले. प्रत्येक जण 'तात्पुरती' ठेवून गेला. शरदचंद्र रस्तेखात्यातले असल्यामुळे खोक्यावर मार्करनं ठळक नाव लिहीत आणि फळीवर लावत. त्यांचा देवावर फारसा विश्वास नव्हता. पण लोकांनी विश्वासानं ठेवलंय, तर ज्याचं त्याला परत गेलं पाहिजे, यावर होता. घर सोडायच्या आत प्रत्येकीला तिच्या घरी पोचवायचं, नाहीतर आपण किल्ली देणार नाही, असं ते शुभदाबाईंना बोलून बसले होते.

"अहो, घराच्या व्यवहाराचा वकील काय म्हणेल?"

"वकिलाची बी असंल तं ठेवून जावा म्हना एक."

सगळ्यांना फोन केले. कुणी म्हणालं, काका तुम्हीच काय ते करा. कुणी म्हणालं, कुरियर करा. भाऊसाहेबांचा मुलगा शौनक सस्कॅटूनला दातांचा डॉक्टर आहे. तो म्हणाला, "काका, कुठल्या म्युझियमला देता येईल का?" शरदचंद्रांनी सगळ्यांना रविवारी जेवायलाच बोलावलं. या आणि आपापली घेऊन जा.

शुभदाबाईंनी एक खोका उघडून पाहिला. आत देवी काळीकुट्ट झालेली. "शी! असे देव लोकांच्या हातात द्यायचे? घासा आधी," असं म्हणून त्या फिजिओथेरपीला गेल्या.

पुढचं दीड-दोन तासांत घडलं.

एकेक घासत बसायला शरदचंद्र काही पुजारी नव्हते, ते इंजिनिअर होते. त्यांनी मंडळाचं मसालेभाताचं पातेलं काढलं, त्यात गरम पाणी, व्हिनेगर आणि मीठ घातलं आणि सगळ्या अन्नपूर्णा एकदम आत सोडल्या. वर देवघरात गेले, तर तिथं शुभदाबाईंची स्वतःची. बायको आल्यावर खूश होईल म्हणून तीही आणून सोडली. मग स्टूल घेऊन शेजारी बसले. पितळ उजळताना बघून त्यांना फार समाधान वाटलं. एकेक काढून त्यांनी टॉवेलवर ओळीनं मांडली. लखलखीत.

मग त्यांचं लक्ष टेबलावरच्या रिकाम्या खोक्यांकडे गेलं. नावं खोक्यांवर होती, अन्नपूर्णा टॉवेलवर.

त्यांनी एक उचलली, दुसरी उचलली. तेच मांडी घालून बसणं, तीच पळी. पन्नास वर्षांच्या घासण्यानं सगळ्यांचे नाकडोळे सारखेच झिजलेले. प्रत्येकीचा चेहरा म्हणून जो काही वेगळा होता तो मळाचा होता. कुणाच्या कपाळावर कुंकवाचा थर, कुणाच्या मांडीत हळद, कुणाच्या पाठीला फोडणीचा चिकटा. तेवढी एकच खूण होती आणि ती व्हिनेगरमध्ये गेली होती.

"आता?" ते मोठ्यानं म्हणाले. फर्नेस काही बोलली नाही, उन्हाळ्यात ती बंद असते.

ते ग्लेनकडे पळाले. ग्लेन आला, त्यानं गुडघ्यांवर हात ठेवून वाकून पाहिलं.

"सगळी एकच देवी ना?"

"हो, एकच."

"मग कुणालाही कुठलीही दे."

शरदचंद्र विचारात पडले. देव मानत नसलेल्या माणसाला हे पटायला पाहिजे होतं. पण एकच आहे तर प्रत्येक आईनं वेगळी कशाला दिली? आणि वेगळ्या आहेत तर सारख्या कशाला केल्या? त्यांनी हायवेवर वळणाच्या पाट्या लावल्या होत्या हजारो, सगळ्या सारख्या. पण एका वळणाची पाटी दुसऱ्या वळणाला लावली म्हणून कुणी मेलं नव्हतं. की मेलं असतं?

शुभदाबाई परत आल्या त्या थेट वर गेल्या आणि वरून हाक आली. "अहो, माझी अन्नपूर्णा कुठाय?"

शरदचंद्र जिन्याखालून म्हणाले, "खालीच हाय."

"खाली कुठं?"

"खाली... समद्यांत."

शुभदाबाई कठड्याला धरून एकेक पायरी खाली आल्या. टॉवेलकडे बघितलं, खोक्यांकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं.

"सगळ्या एकदम?"

"लवकर होईन म्हनलं."

"मुंज, लग्न, सगळं सामुदायिक करणाऱ्यातले तुम्ही," एवढंच त्या म्हणाल्या आणि स्टुलावर टेकल्या. पुढचे दोन दिवस शरदचंद्रांना पोळ्या थंड मिळाल्या.

खरं सांगणं भाग होतं. त्यांनी सगळ्यांना पुन्हा फोन करून झालेला घोटाळा सांगितला. गंमत अशी, की ज्यांना देवी नको होती त्या सगळ्यांना ती आता हवी झाली. 'कुरियर करा'वाले म्हणाले, स्वतः येतो. म्युझियमवाला शौनक ओरडला, "काका, दॅट्स माय मॉम्स!" फोन ठेवल्यावर शरदचंद्रांनी बायकोला विचारलं, "इतके दिवस कोनाची होती मंग?"

रविवारी घर भरलं. फर्निचर बरंचसं गेलेलं, त्यामुळे लोक जिन्यावर आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसले. शुभदाबाईंनी टॉवेलवरच्या देव्या डायनिंग टेबलावर आणून तांदळाच्या परातीत बसवल्या होत्या. शौनकनं येताना दवाखान्यातला भिंगाचा चष्मा आणला होता, कपाळावर दिवा असलेला. तो लावून तो एकेकीच्या तोंडात बघितल्यासारखा बघू लागला.

"आईची डावीकडे जरा झिजलेली होती," तो म्हणाला. "ही बघा, वेअर पॅटर्न."

विनिपेगची अवंतिका बँकेत आहे. तिनं त्याच्या हातातली काढूनच घेतली. "एक्सक्यूज मी, ही आमची आहे. आईकडची पोचलेली होती, तळाला."

"सगळ्याच पोचल्यात."

"आमची जास्त पोचलेली होती!"

"अवंतिका, तू हिला शेवटचं कधी पाहिलंस?"

"तू कधी पाहिलंस? तू तर म्युझियमला देत होतास, काकांनी सांगितलंय मला!"

शौनकनं कपाळावरचा दिवा शरदचंद्रांच्या डोळ्यांत मारला. "काका?"

"म्या फक्त... विषय निघाला म्हनून..." शरदचंद्र डोळ्यांवर हात धरून म्हणाले.

मग सगळेच बोलू लागले. एकाला आठवत होतं की त्यांच्याकडची चांदीची होती, पण परातीत चांदीची एकही नव्हती, आणि तो आता शरदचंद्रांकडे वेगळ्याच नजरेनं बघत होता. कुणी म्हणालं फोटो शोधू. कुणी म्हणालं चिठ्ठ्या टाकू. मॉन्ट्रियलहून ऊर्मी भिंतीला टेकवलेल्या फोनवर होती, ती म्हणाली, "बाबा, मेर्सी, थँक यू, हे मी कधीच विसरणार नाही," आणि हसत सुटली. शरदचंद्र मध्ये उभे राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. पन्नास वर्षांत त्यांच्यावर कधी अफरातफरीचा आळ आला नव्हता. ज्याचं त्याला द्यायचं एवढंच तर म्हणालो होतो आपण.

"अरे, गप बसा!"

शुभदाबाई एरवी आवाज चढवत नाहीत. शौनकनं कपाळावरचा दिवा बंद केला.

"तुमच्या आयांना काय देवीनं नावानिशी हाक मारली होती का? त्यांच्या आया भांड्याच्या दुकानात गेल्या, दुकानदारानं अशाच ओळीनं मांडल्या, त्यांनी त्यातली एक उचलली. उचलली तेव्हा ती सगळ्यांसारखीच होती. घरी नेल्यावर आपली झाली. तेव्हा एकेक उचला, आणि कढी गार होतेय."

लोक पुढे झाले. उचलताना मात्र प्रत्येकानं अशी उचलली, जणू आपल्याला कळलंय. शौनकनं ती झिजलेली घेतली. अवंतिकानं दुसरी घेतली आणि म्हणाली, "ॲक्चुअली हीच आमची." चांदीवाल्यानं पितळेची घेतली आणि खिशात घालण्याआधी रुमालात गुंडाळली.

सगळ्यात शेवटी केया होती. लताबाईंची नात, इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकते. परातीत दोनच उरल्या होत्या. ती कितीतरी वेळ दोन्हींकडे बघत राहिली.

"शुभदाआजी, हिला काय करायचं असतं? आय मीन, रोज?"

"काही नाही गं. एका वाटीत तांदूळ घ्यायचे, त्यात बसवायची. केलेलं आधी तिला दाखवायचं, मग आपण जेवायचं."

"मी तर मोस्टली नूडल्स करते."

"नूडल्स दाखव."

"आणि तांदूळ बासमती चालतात?"

"चालतात."

केयानं उजवीकडची उचलली. त्याच क्षणी शुभदाबाईंचा हात परातीच्या काठावरून पुढे आला. अगदी थोडा, मग थांबला, आणि सांडलेले चार दाणे गोळा करत मागे गेला. दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं. शरदचंद्रांचं होतं.

"हीच आजीची," केया म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आय कॅन फील इट."

"हो का?" शुभदाबाई म्हणाल्या. "छान. वाढते तुला."

लोक गेले. ग्लेन उरलेल्या खुर्च्या उचलून रस्त्यापलीकडे घेऊन गेला. दोन दिवसांनी किल्ल्या दिल्या, आणि कॉन्डोच्या लिफ्टमधून वर जाताना, आजूबाजूला कुणी नाही हे पाहून, शरदचंद्रांनी विचारलं.

"थे पोरीनं नेली थे आपली होती ना?"

शुभदाबाई लिफ्टचे आकडे बघत होत्या. "हो."

"कशावरून?"

"माझ्या आईनं दिलेली मला कळणार नाही?"

"मंग बोल्ली काऊन नाईस? म्या तिथंच उभा होतो. सांगतलं असतं पोरीले, समजदार हाय थे."

"सगळ्यांनी देवी नेली. तिला वागवायचं कसं, हे केयानं एकटीनं विचारलं."

शरदचंद्रांना यातलं अर्धंच कळलं. "पन मी तं ज्याचं त्याले द्याचं म्हनलं होतं. एक बी बरोबर घरी गेली का नाई सांगता येत नाई, आन् आपली तं पक्की दुसऱ्याच्या घरी गेली. मंग झालं का काम, का नाई झालं?"

"किल्ली दिलीत ना?"

"देल्ली."

"मग झालं."

कॉन्डोतलं स्वयंपाकघर एवढंसं. शुभदाबाईंनी पिशवीतून ती उरलेली अन्नपूर्णा काढली आणि वाटीत तांदूळ घेऊन शेगडीशेजारी बसवली. शरदचंद्र कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभे राहिले. ही लताबाईंची असेल. किंवा भाऊसाहेबांकडची, म्हणजे नागपूरची. की त्या मालवणच्या जोडप्याची, ज्यांच्याकडे शुक्रवारी मासळी असायची? आयुष्यभर कुठल्या घरचं खाऊन बसलीय ही, काय माहीत. नमस्कार करावा तर ओळख नाही, न करावा तर घरात आलेली.

"शुभदा, हिले नैवेद्य कोनत्या पद्धतीचा लागंन?"

"आज पिठलं केलंय," शुभदाबाई ताट वाढत म्हणाल्या. "आवडलं तर राहील."

त्यांनी चमचाभर पिठलं वाटीपुढे ठेवलं. शरदचंद्र वाकून बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना काही कळलं नाही.